अमावस्येची चिंबोरी

प्रभावतीच्या खानावळीत चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, मिळायची ती फक्त अंधाऱ्या पंधरवड्यात, तेही शेवटचे पाच-सहा दिवस, अमावस्येपर्यंत. बाकी दिवशी कुणी कितीही गोड बोलो, ती मान हलवायची आणि सुकटीची चटणी पुढे सरकवायची. चांदण्यातली चिंबोरी पोकळ, आत नुसतं पाणी. अंधाऱ्यातली गच्च भरलेली. महाडकडच्या खाडीकाठी वाढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

आता गंमत बघा. घर बौद्धाचं. उपास नाही, मुहूर्त नाही, नवस तर नाहीच नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर, अमावस्येभोवती लाल पेन्सिलीचा गोल! गिऱ्हाइकं चिडवायची, "प्रभावतीबाई, सगळं सोडलंत, अमावस्या काही सुटली नाही हं तुमची."

"अमावस्या माझी नाय," ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, "चिंबोरीची आहे."

शांती नगरच्या दुकानांची रांग संपली की पुढे रस्ता संपायचा आणि खाजण सुरू व्हायचं. म्हणजे भरतीचं पाणी आत येऊन पसरतं ती चिखलाची, तिवरांची जमीन. तिथे कडेला हेमकुंज सोसायटी उभी होती, आणि तिच्या तळमजल्यावर ही खानावळ. सहा बाकं, एक पाटा-वरवंटा, दाराशी एक काळा फळा. गाळा सोसायटीचा. प्रभावतीचा नवरा केरबा सोसायटीचे पंप सांभाळायचा, म्हणून कमिटीने तो भाड्याने दिला होता. चिंबोऱ्या यायच्या मागच्याच खाजणातून. नवघरची शेवंती, आगरी बाई, ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायची, बिळात लोखंडी आकडा घालून चिंबोरी ओढून काढायची आणि पाटीत घालून थेट खानावळीच्या दारात आणायची. सकाळची चिंबोरी दुपारी ताटात. मोठे डेंगे, म्हणजे नांग्या, रश्शात जायचे, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस गाळून घ्यायचा. तो रस्सा ओरपायला लोक पार बोरिवलीहून यायचे. सहा वर्षांत एकदाही कुणाच्या ताटात पोकळ चिंबोरी पडली नव्हती. प्रभावतीचं नाव होतं ते एवढ्यावरच.

पंच्याण्णव सालची चैत्र अमावस्या शनिवारी आली. अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून आलेली मंडळी, खानावळ खच्चून भरलेली. पहिल्या बाकावर सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्रसाहेब. मूळचे गिरगावचे, सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथे आलेले. पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, आणि मासळीच्या बाबतीत भलतेच चोखंदळ. त्यांनी चिंबोरीची पाठ उघडली आणि हात तसाच राहिला. आत ना मांस, ना पिवळा गोळा. राखाडी पाणी तेवढं ताटात सांडलं.

"प्रभावतीबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पौर्णिमेची चिंबोरी अमावस्येला खपवायला लागलात की काय? आणि हिला वास कसला येतोय हो? गटाराचा?"

प्रभावतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने ती चिंबोरी उचलली, नाकाशी नेली, चाखली. वास होता. तिने दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या पोकळ. तिने पदर खोचला, बाकांमधून फिरून एकेक ताट उचललं आणि म्हणाली, "तोंडातला घास थुंका. आज चिंबोरी नाही. पिठलं टाकते, दहा मिनिटं थांबा." त्या दहा मिनिटांत तिने ज्या आवाजात कांदा चिरला, तो मागच्या खोलीत केरबालाही ऐकू गेला असता. पण केरबा नव्हता. अमावस्येला आणि पौर्णिमेला तो जेवायला नेहमीच उशिरा यायचा, दोन-अडीचला. पंपाचं काम असतं, म्हणायचा. तिने कधी जास्त विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती दारात आली आणि प्रभावतीने तिला उंबऱ्यावरच धरलं.

"सहा वर्षांचं नाव माझं! कुठल्या बाजारातली शिळी चिंबोरी गळ्यात मारलीस गं? लाज नाही वाटली?"

शेवंतीने पाटी खाली आपटली. तीही काही ऐकून घेणारी नव्हती. "मी शिली चिंबोरी दीन? मी? माज्या आयशीपासून त्याच बिलात आकडा घालतंय मी! पोकल हाय ती हाय. गेल्या वर्साला अर्धी होती, आता सगलीच पोकल. खायाला काय हाय गो तिला? साबणाचा फेस?"

"कसला फेस?"

"बगायचा हाय? मंग येत्या पुनवेला ये बांदावर. बरोबर बाराला, भरतीचे टायमाला. तू कदी आलीस का एकदा तरी? चिंबोरी खातंस, ती कुटं रातंय ते बगितलास?"

हे मात्र झोंबलं. कारण खरं होतं. सहा वर्षं खाजणाच्या पाठीला पाठ लावून ती चुलीशी उभी होती, पण दुपारी बारा म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड. भरतीच्या वेळी मागे काय चालतं ते बघायला तिला सवड कधी होती?

येती पौर्णिमा होती वैशाखाची. बुद्धपौर्णिमेला खानावळ बंद असायची. सकाळी दोघं नवराबायको पांढरे कपडे घालून विहारात गेली, वंदना झाली, खीर झाली. अकरा वाजता केरबा घड्याळ बघायला लागला. "मी होतो पुढे, पंपाचं जरा बघायचंय." आजच्या दिवशीही? प्रभावतीच्या कपाळाला आठी पडली, पण तिलाही बांधावर जायचंच होतं.

बांधावर ऊन नुसतं रणरणत होतं. शेवंती डोक्यावर फडकं घेऊन आधीच उभी. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या त्या लाकडी दारातून, भरतीचं पाणी आत चढत होतं. तिवरांची मुळं बुडाली, बिळं बुडाली, पाणी थेट हेमकुंजच्या मागच्या भिंतीला टेकलं. आणि तेव्हा घर्रर्र आवाज झाला. भिंतीच्या बुडातून एक जाड पाइप बाहेर आलेला होता. त्यातून काळं, फेसाळ पाणी भसाभस खाजणात पडायला लागलं. वास इतका, की प्रभावतीने पदर नाकाला लावला.

"संडासची टाकी," शेवंती म्हणाली. "दर पुनवेला, दर अवसेला. दोन वर्सां झाली."

भिंतीच्या फटीतून पंपाचं घर दिसत होतं. तिथे एक माणूस दांडा धरून उभा होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. सकाळी तिनेच इस्त्री केलेला.

पुढची चारशे पावलं ती कशी चालली तिचं तिला आठवत नाही. पंपाच्या दारात ती उभी राहिली, तेव्हा केरबाचा चेहरा पांढऱ्या सदऱ्यासारखाच झाला.

"बंद करा," ती म्हणाली.

"प्रभा, अगं कमिटीचा हुकूम आहे. टाकी सारखी भरते. ती उपसायला टँकर बोलवायला साहेब तयार नाहीत. म्हणाले, मोठ्या भरतीला सोड, पाणीच पाणी असतं, कुणाला दिसत नाही, खाडी ओढून नेते."

"कुठे नेते?"

"बाहेर. समुद्रात." केरबाचा आवाज खाली गेला. "खाडी केवढी मोठी आहे, प्रभा. मला वाटलं..."

मागून शेवंती खवळून म्हणाली, "आरं बाबा, भरती भायेर नेत न्हाय! भरती आत आनतंय! मोटी भरती म्हंजे पार वरचे बिलापातूर घान. ओहोटीला पानी जातंय, गाल हितंच बसतंय. येवडं कलत न्हाय?"

केरबा साताऱ्याच्या डोंगराखालचा. त्याने विहीर बघितली होती, ओढा बघितला होता. भरती आत येते म्हणजे आपलं सोडलेलंही आतच जातं, हा साधा हिशेब त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. दोन वर्षं तो दर अमावस्येला आणि पौर्णिमेला, अगदी वेळ साधून, बरोबर चिंबोरीच्याच बिळात मैला पाठवत होता. आणि मग हात धुऊन, उशिरा का होईना, बायकोच्या हातचा चिंबोरीचा रस्सा जेवत होता.

"एकेक पाय वाटते मी," प्रभावती म्हणाली. तिचा आवाज आता फुटला होता. "एकेक पाय, अहो! रस गाळताना कचकन दाताखाली कवचाचा तुकडा यायला नको म्हणून दोनदा गाळते. आणि तुम्ही..." ती रडली. रागाने रडली, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडली.

केरबाने पंप बंद केला. संध्याकाळी तो हरिश्चंद्रसाहेबांकडे गेला, टँकर बोलवा म्हणाला. साहेबांनी पेपरामागून उत्तर दिलं, "करतोयस ते करत राहा. नोकरी नको झाली का? आणि गाळा?" तो खाली मान घालून परत आला. पुढचे पंधरा दिवस प्रभावतीने त्याला वेळेवर वाढलं, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

मग वैशाखाची अमावस्या उजाडली. अकरा वाजता तिने फळा पुसला आणि खडूने ठसठशीत लिहिलं:

आज अमावस्या. चिंबोरी नाही.
हेमकुंजच्या संडासची टाकी भरतीला खाजणात सोडतात.
सोडणारा माझा नवरा.
सांगणारी कमिटी.
खाणारे आपण सगळे.

लिहून झाल्यावर ती जरा मागे सरकून बघत राहिली. तिसरी ओळ लिहिताना हात अडला होता. पण ती ओळ गाळली असती, तर बाकीच्या चार लिहायचं तोंडच राहिलं नसतं.

साडेअकरापर्यंत रस्त्यावर घोळका. कुणी हसतंय, कुणी नाक मुरडतंय, हातातला घास टाकून कुणी उठून गेलं. पावणेबाराला हरिश्चंद्रसाहेब धाडधाड जिना उतरून आले. नाव हरिश्चंद्र आणि खरं पाच ओळींत लिहिलेलं बघवेना! खिशातला रुमाल काढून त्यांनी फळा पुसला. प्रभावतीने तो पुन्हा लिहिला. त्यांनी पुन्हा पुसला. रुमाल होता त्याहून पांढरा झाला.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? सोसायटीच्या गाळ्यात बसून सोसायटीची अब्रू काढताय?"

"अब्रू पाइपातून गेली साहेब. दोन वर्षं जातेय. मी नुसती लिहिली."

"अहो, चिंबोरी नाही मिळत तर दुसरीकडून आणा! वसईची आणा, ठाण्याची आणा. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"गेल्या अमावस्येला तुम्हाला बरं कळलं!" ती म्हणाली, आणि घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं. "दुसऱ्याच्या खाडीची आणू? मग तिथे एक हेमकुंज उभी राहील, मग तिसऱ्याच्या खाडीला जाऊ? हा चमचा हातात घेऊन मी कुठवर पळू, साहेब? माझी चूल इथे आहे. खाजण इथे आहे. घाण तुम्ही इथे करता. मग चिंबोरीही इथलीच मिळाली पाहिजे."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन पुढे आल्या. जन्मात मासळीला हात न लावलेली बाई, खानावळीसमोरून जाताना नाकाला पदर लावणारी. साहेबांना वाटलं, आली आपली माणसं. पण हंसाबेन म्हणाल्या, "चेअरमनभाई, मी तर मच्छी बघत पण नाय. पण माझा किचनचा खिडकी मागेच खुलते ना! दोन साल मी बोलते, वास येते, वास येते. तुमी काय बोलले? बोलले, खाडीचा वास आहे. खाडीचा? आपलाच आहे ने भाई, आपलाच!"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बारा वाजायला आले होते, मागे पाणी चढत होतं आणि टाकी काठोकाठ. ते वळून ओरडले, "केरबा! कुठे मेलास? पंप चालू कर!"

केरबा घोळक्याच्या मागे उभा होता. तो माणसं बाजूला सारत पुढे आला, फळ्यापाशी थांबला, स्वतःची ओळ त्याने सावकाश वाचली. मग खानावळीत शिरून पहिल्या बाकावर, साहेबांच्या नेहमीच्या जागेवर, बसला. कमरेची किल्ली सोडून त्याने बाकावर ठेवली.

"प्रभा, वाढ," तो म्हणाला. "आज वेळेवर जेवतो."

"ए, तुला काय सांगतोय मी?"

"किल्ली ही घ्या साहेब. बटण हिरवं आहे, दांडा खाली ओढायचा. तुम्हीच सोडा. बघणारे आहेत एवढे, दाखवा त्यांना."

पंधरा दिवसांनी प्रभावती त्याच्याशी बोलली. "भात घालू की भाकरी?" एवढंच बोलली. पण केरबाला ते पुरलं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मान ताटात घातली.

साहेब किल्लीकडे बघत राहिले. घोळकाही बघत राहिला. एवढ्या लोकांदेखत पांढरा झब्बा घालून मैल्याचा पंप चालू करायची त्यांची काही छाती झाली नाही. ते पाय आपटत वर गेले. दुपारी तीनला टाकी भरून वाहिली. खाजणात नाही, आवारात. तुळशीच्या कट्ट्यापासून साहेबांच्या स्कूटरपर्यंत. तेव्हा मात्र वरच्या मजल्यांवरून एकच गिल्ला झाला, आणि दोन वर्षं न मिळालेला टँकर संध्याकाळी पाचला हजर झाला.

सुखासुखी मिटलं असं समजू नका. आठ दिवसांत केरबाची नोकरी गेली आणि गाळा खाली करायची नोटीस आली. प्रभावतीने ती नोटीस फळ्याखाली चिकटवली, गिऱ्हाइकांना जेवता जेवता वाचायला. हंसाबेननी दारोदार फिरून तेवीस बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या की बाई इथून हलणार नाही. मग नोटीस तशीच भिंतीवर राहिली, फोडणीच्या धुराने पिवळी पडली. केरबा शेवंतीच्या माणसांबरोबर उघाडीत साचलेला गाळ काढायला जायला लागला. पाइप बंदच राहिला, आणि पावसात तिवरांखालून काळं पाणी धुऊन निघालं. फळ्यावर दर अमावस्येला प्रभावती एकच ओळ लिहायची: आज चिंबोरी नाही. टँकर आला का, विचारा. आणि लोक खरंच विचारायला लागले. साहेबांना, जिन्यात, तोंडावर.

त्या वर्षी दिवाळीच्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं. सकाळी सगळं शांती नगर दारं-खिडक्या लावून बसलं होतं. कुणी पाणी पीत नव्हतं, कुणी चूल पेटवत नव्हतं. रस्त्यावर कुत्रंही नाही. आणि हेमकुंजच्या तळमजल्यावर स्टोव्ह भरभरत होता. प्रभावती मसाला भाजत होती. सुकं खोबरं, कांदा, लसूण, लवंग. वास एकेक मजला चढत गेला, उपाशी बसलेल्या घरांच्या फटींतून आत शिरला. "ग्रहणात रांधतेय बाई!" कुणीतरी वरून ओरडलं. प्रभावतीने जाळ आणखी मोठा केला.

ग्रहण सुटलं तशी शेवंती आली. पाटीत सहा चिंबोऱ्या, काळ्याभोर, डेंगे सुतळीने बांधलेले. पाटी ठेवली, पण नेहमीसारखी बडबडली नाही. प्रभावतीने एक उचलली, तळहातावर वजन बघितलं. तिने पाठ उघडली.

अर्धी. एका बाजूला पांढरं मांस, पिवळ्या गोळ्याची रेघ. दुसरी बाजू रिकामी. पण वास? तिने नाकाशी नेली. चिखलाचा, मिठाचा, तिवराच्या पाल्याचा. दुसरा कसलाही नाही. ती वाकली आणि शेवंतीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. शेवंती तिच्या पाठीवर थापट्या मारत "गप गो, गप" म्हणत होती आणि स्वतःच डोळे पुसत होती.

"बाकीच्या पाच सोडून ये," प्रभावती म्हणाली. "त्याच बिळात. भरू देत."

शेवंती पाटी उचलतेय तोवर दारात हरिश्चंद्रसाहेब. ग्रहणाची आंघोळ केलेली, केस ओले, सकाळपासून उपाशी. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच उंबरा चढलेले. त्यांची नजर पाटीवर, मग उघड्या चिंबोरीवर. गिरगावकर माणूस, जीभ शेवटी जीभच. गिळलेला आवंढा सगळ्यांना दिसला.

"बाई," ते जरा चाचरत म्हणाले, "पाच आहेत की. कधी मिळेल मग?"

प्रभावतीने पदराने डोळे कोरडे केले, खडू उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.

"मी पाच महिने लिहितेय साहेब. आता तुम्ही लिहा, टँकर कधी येतो ते. त्याच्याखाली मी लिहीन, चिंबोरी कधी मिळते ते."